कुंडलिकतात्या आणि तीनशे बारा कप चहा

राजुरीत कुणी आजारी पडलं की डॉक्टरच्या आधी कुंडलिकतात्या पोचतात. वय अठ्ठ्याहत्तर. कागदोपत्री ते कांदा आणि ऊस करतात, पण आजाऱ्याला भेटायला जाणं हाच त्यांचा खरा उद्योग. आळेफाटा, नारायणगाव, जुन्नर, मंचर, जिथे जिथे दवाखान्यात खाटा आहेत तिथला वॉचमन त्यांना ओळखतो. एसटीनं जायचं, खाटेच्या पायथ्याशी बसायचं, टाके बघायचा हट्ट धरायचा आणि "रंग चांगलाय, आठ दिसात चालशील" असं सांगून उठायचं. माझ्या अपेंडिक्सच्या वेळी त्यांनी मला इतकं हसवलं, की नर्सबाईंनी त्यांना वॉर्डाबाहेर काढलं. ते शेजारच्या वॉर्डात जाऊन बसले. तिथं त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. अर्ध्या तासानं होतं.

गेल्या जानेवारीत अशाच एकाला भेटून परतताना तात्या एसटीच्या पायरीवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. नारायणगावात ऑपरेशन झालं. तीन महिने यांना उठवायला-बसवायला धडधाकट माणूस पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले. घरात इंद्रायणीकाकू एकट्या, त्यांना स्वतःचे गुडघे उचलवत नाहीत. मुलगा गोरख चाकणला कंपनीत. त्यानं मंचरजवळ आजाऱ्यांना ठेवून घेणारं एक सेवाकेंद्र शोधून ठेवलं होतं.

"अण्णा, घरी राहायचं का तिकडं?" त्यानं वडलांना विचारलं.

"मला काय. जिथं कमी पैशात व्हईल तिथं टाका," तात्या छताकडं बघत म्हणाले. "पोराला खड्ड्यात घालून मला बरं व्हायचं न्हाई."

पण आदल्याच दिवशी ते काकूंना म्हणाले होते, की खाट ओट्यावर टाक, रस्त्यावरनं येणारा-जाणारा दिसला पाहिजे. मी त्यांच्या शेजारचा, काकूंनी ते मला सांगितलं, मी गोरखला सांगितलं. म्हणजे तात्यांना घरीच यायचं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त शब्द दिल्यामुळं ते बोलणार नव्हते. मग आता आकड्यांनीच बोलायला पाहिजे होतं.

आकडे मांडायचं काम माझ्याकडं आलं. मी जुन्नरला कॉम्प्युटरवर लोकांचे फॉर्म भरून देतो आणि बी. कॉम. आहे. गावात एवढ्यावर माणूस सीए ठरतो.

दवाखान्यातच बैठक बसली. मी वही उघडली. केंद्राचे महिन्याला चोवीस हजार, जेवणखाण धरून. पायाच्या व्यायामाचे तीन हजार वेगळे. झाले सत्तावीस. घरी ठेवायचं तर पश्चिमेकडच्या डोंगरातला जानकू नावाचा मदतनीस पंधरा हजारात दिवसरात्र राहायला तयार होता. दवाखान्यातल्यासारखी खाट भाड्यानं अडीच हजार. व्यायाम करून घेणारा ऋतिक आठवड्यातून तीनदा येणार, एका खेपेचे चारशे, म्हणजे चार हजार आठशे. एकूण बावीस हजार तीनशे. औषधं दोन्हीकडं सारखीच.

"घर चार हजार सातशेनं स्वस्त," मी जाहीर केलं. तात्या अजून छताकडंच बघत होते, पण मिशी हलली.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "आन् च्या?"

"चहाचं काय?"

"आरं, ह्यांनी सगळ्या तालुक्याला भेटून ठिवलंय. समदे परत यायचे न्हाईत व्हय? दिसाला तीसएक माणूस धर. दूध, साखर, गॅस."

काकू आयुष्यभर खरं बोलत आल्या आहेत आणि त्यांना वेळेचं भान कधीच राहिलेलं नाही. मी नाइलाजानं लिहिलं. रोजचे दोनशे, महिन्याचे सहा हजार. घराची बेरीज झाली अठ्ठावीस हजार तीनशे.

तेराशे रुपयांनी घर हरलं.

"च्या बारका कप धर की," काकू घाईघाईनं म्हणाल्या. आपण काय करून बसलो ते त्यांना आता कळलं होतं.

"बारका कप देऊन माझी इज्जत काढती का?" तात्या म्हणाले. "ठरलं ते ठरलं. मंचर."

गोरख म्हणाला, तेराशे म्हणजे काही फार नाही. पण तात्यांनी डोळे मिटून घेतले. शब्द दिला की तात्या ढिम्म.

केंद्र चांगलं होतं. मोठ्या खिडक्या, स्वच्छ चादरी, आणि स्नेहल मॅडम नावाच्या व्यवस्थापिका, ज्या कुणावर ओरडत नव्हत्या. भेटीची वेळ चार ते सहा. पहिल्याच रविवारी राजुरीहून पिकअप भरून माणसं आली. तात्या खाटेवर बसून एकेकाचा रिपोर्ट घेत होते. कुणाची शुगर किती, कुणाचा चष्मा लागला का. त्यांचा स्वतःचा खुबा विचारायला कुणाला सवडच मिळाली नाही. मग आलेली माणसं, आलोच आहोत तर म्हणून, शेजारच्या खाटांकडंही वळली. तिथं एका घोडेगावच्या आजोबांना महिनाभर कुणी भेटायला आलं नव्हतं. त्यांना एका दुपारी नऊ जण भेटले. माणसं निघाली तेव्हा आजोबा म्हणाले, "पुढच्या ऐतवारी जरा लवकर या राव."

मी पंधरा दिवसांनी गोरखबरोबर बिल भरायला गेलो. सगळं ठरल्याप्रमाणं होतं, फक्त खाली एक जादा ओळ होती. उपाहारगृह, पाहुण्यांचा चहा, तीनशे बारा कप, पंधरा रुपयांप्रमाणं चार हजार सहाशे ऐंशी.

"हे काय?" गोरखनं विचारलं.

"तुमचे वडीलच सांगायचे, सगळ्यांना चहा, माझ्या नावावर," स्नेहल मॅडम म्हणाल्या. "मी दोनदा समजावलं. ते म्हणाले, दारात आलेल्याला तसंच पाठवायचं का? मी म्हटलं, अहो, हे तुमचं दार नाही. तर म्हणाले, माझी खाट जिथं तिथं माझं दार."

आमची चूक तेव्हा माझ्या ध्यानात आली. चहा आम्ही घराच्या खर्चात धरला होता, जसा काही तो चुलीला बांधलेला असतो. तो तात्यांना बांधलेला होता. तात्या जिकडं, चहा तिकडं. फरक एवढाच, की घरी कप सात रुपयांना पडत होता आणि इथं पंधराला.

मी तिथंच, तात्यांच्या खाटेवर वही टेकवून, नव्यानं बेरीज केली. केंद्र, पंधरा दिवसांचा चहा महिन्याला दुप्पट धरून, छत्तीस हजार तीनशे साठ. घर, चहासकट, अठ्ठावीस हजार तीनशे.

"किती म्हणालास?" तात्यांनी विचारलं.

"घर आठ हजार साठ रुपयांनी स्वस्त."

"एवढं? परत वाच. जरा हळू वाच."

मी हळू वाचलं. तात्यांनी गोरखकडं बघितलं. गोरख आधी हसू दाबत होता, मग त्याला ते दाबता येईना. "अण्णा, हे तुमी मुद्दाम केलं का?"

"मला चालता येत न्हाई, उठता येत न्हाई," तात्या शांतपणे म्हणाले. "मी काय करणार? पर शब्द म्हंजे शब्द. सस्त पडंल तिथं जायचं ठरलं व्हतं."

दोन दिवसांनी जानकूला घेऊन आम्ही तात्यांना न्यायला गेलो, तर निघायलाच दोन तास लागले. खुर्ची ढकलत जानकू घामाघूम झाला, कारण तात्यांना प्रत्येक खाटेपाशी थांबायचं होतं. घोडेगावच्या आजोबांनी त्यांचा हात सोडला नाही, तेव्हा तात्यांनी गोरखच्या मोबाइलवरून त्यांच्या मुलाला फोन लावला आणि भेटायला ये म्हणून असा दम दिला, की पलीकडचा माणूस हो-हो करत राहिला. स्नेहल मॅडम फाटकापर्यंत आल्या.

घरी काकूंनी ओटा सारवून ठेवला होता. खाट लागली, जानकूनं तात्यांना अलगद उचलून बसवलं. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, त्यावरच्या माणसानं हात केला. तात्यांनी त्याला ओरडून विचारलं, "सासूबाईंचा पाय कसाय रं?"

ट्रॅक्टर थांबला.