हिरवी फुली

गाव सोडून लिंबायतच्या वस्तीत आलो तेव्हा आमची एकच खोली होती. मालक आणि त्यांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे जेठ, दोघे कापडाच्या लूमवर कामाला. जेठ घरात असले की मी पदर पुढे ओढून, मान खाली घालून साड्यांवर खडे चिकटवत बसायची. ते दारात खोकून मगच आत यायचे. माझ्याशी कधी बोलले नाहीत. लहान लेकीला सांगायचे, "तुनी मायले सांग, माल उना." आणि साड्यांचा गठ्ठा ठेवून जायचे. मला त्यांचे पाय ओळखू यायचे, चेहरा नाही. तरी त्या खोलीतला गोंदाचा वास आणि दोरीवर वाळणाऱ्या रंगीत साड्या अजून आठवतात.

यंदा साडीची किनार मला मधेच वाकडी दिसायला लागली. मी तिच्या मागे मागे खडे लावले आणि अख्खा गठ्ठा परत आला. लेक डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते म्हणाले, साखरेमुळे डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज आली असावी, पण आतला फोटो बघितल्याशिवाय इलाज ठरवता येणार नाही. सुई नाही, डोळ्याला हातही लागणार नाही, फक्त समोर बघायचं. मला वाटलं, हे तर सोपं.

हनुवटी टेकवली, कपाळ पट्टीला लावलं. आत हिरवी फुली दिसली, तिच्याकडेच बघत राहायचं होतं. पण मशीनच्या पलीकडे फोटो काढणारा माणूस बसला होता, तेव्हाच्या जेठांच्या वयाचा. माझी नजर आपोआप खाली गेली. फोटो बिघडला. दुसऱ्यांदाही तेच.

"मौसी, नीचे क्या ढूंढती हो? कुछ गिरा है?" तो म्हणाला.

लेक हसली. "माय, तो तुना जेठ नही शे! मशीनमा देख."

मला हसू आलं नाही. फोटो आला नाही तर डोळा असाच जाणार होता.

जेठ आजारी पडून गावी निघाले, त्या दिवशी मी धीर करून पहिल्यांदा वर बघितलं होतं. ते उंबऱ्याकडे बघत उभे होते. इतकी वर्षं तेही माझ्यासाठी मान खाली घालूनच त्या खोलीत वावरले होते. पुढे ते गावीच वारले. त्यांचे डोळे कसे होते, ते मला माहीत नाही.

मी फुलीकडे बघितलं. डोळ्यात पाणी आलं तरी पापणी हलू दिली नाही.

"बस, मौसी. आ गया."

कॉम्प्युटरवर घडी घातलेल्या साड्यांसारखे थर दिसले, मधे फुगवटा. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आलात. इंजेक्शननं सूज उतरेल."

"खडे लावता येतील?" मी विचारलं.

"आधी डोळा, बाई. खडे नंतर."

पहिलं इंजेक्शन झालं. लेक घरात माल येऊ देत नाही. रिकामे हात नकोसे होतात, म्हणून हे लिहिते आहे. वहीची रेघ अजून मधे वर उचललेली दिसते. कालच्यापेक्षा कमी की तेवढीच, हे रोज सकाळी चांगला डोळा झाकून बघते.