आत्याची चावी आणि श्रीहरिकोट्याचं रॉकेट

नेरुळला मी नववी-दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवतो. गुरुत्वाकर्षणाचा धडा तोंडपाठ, पण रॉकेट कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. शेवटी श्रीहरिकोट्याचं ठरवलं. शिरवण्याच्या आत्याला सहज सांगितलं, तर म्हणते, "मना पन बघाचा हाय, बाला."

मी हादरलोच. आत्या आजवर कुठेच पोहोचलेली नाही. गोव्याला निघाली ती पनवेलहून परतली, जेजुरीला निघाली ती लोणावळ्याहून. कारण एकच, पाण्याची मोटर. तिच्या इमारतीत चार मजले भाडेकरू; गच्चीवरची टाकी ती स्वतः भरते आणि मोटरच्या खोलीची चावी कायम कमरेला. टाकी वाहत असेल, असं एकदा डोक्यात आलं की ब्रह्मदेवही तिला अडवू शकत नाही. या वेळी मात्र तळमजल्यावरच्या गायकवाडांना चावी द्यायचं तिनं कबूल केलं.

तुम्हाला जायचं असेल तर तिथल्या प्रेक्षक गॅलरीची ऑनलाइन नोंदणी करा. फुकट असते, पण जागा बघता बघता भरतात. आधार कार्ड न्या. हवामान बिघडलं की उड्डाण पुढे जातं, तेव्हा हाताशी एखादा दिवस जादा ठेवा.

चेन्नईची गाडी कल्याणहून होती. माझी कार शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती, तेव्हा आत्याचा हात कमरेला गेला आणि तिचा चेहरा पडला. चावी तिथेच!

"गाडी फिरव. पोरं पान्याबिगर रातील."

मी गाडी न फिरवता गायकवाडांना फोन करून चावी न्यायला कल्याणला बोलावलं. कल्याणला ट्रेन चाळीस मिनिटं लेट होती. आयुष्यात पहिल्यांदा रेल्वेला आशीर्वाद दिला. गायकवाड स्कूटर बाहेर लावून, हेल्मेट हातात घेऊन घामाघूम प्लॅटफॉर्मवर आले. आत्या पिशवी उचलून तयारच.

"चल, तुज्या मागं बसून येतय."

गायकवाडांनी माझ्याकडे पाहिलं, मग हेल्मेटकडे.

"आत्या, आमच्याकडं हेल्मेट एकच हाय बघा. फाट्यावर पोलीस हायत, पावती फाडतील. तुमी जा की, मी बघतो मोटरचं."

आत्यानं ते हेल्मेट नीट न्याहाळलं. मग तिनं चावी सोडली. "अर्ध्या तासानं बंद कर. इसरलास तर भाडा वाढवीन."

गाडीत तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी खाताना आत्यानं विचारलं, रॉकेट वर जातं कसं? मास्तर सुरू झाला. खाली आगीचा झोत सोडायचा, म्हणजे रॉकेट वर ढकललं जातं. पण त्याचं बहुतेक वजन इंधनाचंच. ते इंधन उचलायला पुन्हा इंधन. म्हणून टाकी रिकामी झाली की वाटेतच सोडून द्यायची.

"अख्खी टाकी टाकून देतान?" आत्याला हा उधळेपणा मुळीच पटला नाही.

चेन्नईहून लोकलनं सुलूरपेटा, तिकीट दोन वडापावांच्या भावात. पुढे शेअर रिक्षा, दोन्ही बाजूंना पसरलेलं पुलिकत सरोवर. टोपी आणि पाणी विसरू नका, ऊन भाजून काढतं.

उलटी मोजणी संपली. आधी झाडांवरून नुसता उजेड वर चढला, अगदी मुका. आवाज मागाहून आला आणि छातीत घुमला. मला टाळ्या वाजवायचंही सुचेना. तेवढ्यात आत्यानं माझं मनगट धरलं.

"बाला, वाकला! पडतंय तो!"

म्हटलं, वाकायलाच हवं. नुसतं सरळ वर गेलं तर परत खाली येईल. आडवं इतक्या वेगानं पळायचं, की पडता पडता गोल पृथ्वीच खालून वळत जाते.

"म्हंजे पडतंच हाय, खाली जमीन गावत नाय."

एवढं सोपं मला वर्गात कधी सांगता आलं नव्हतं. लाउडस्पीकरवर सांगितलं, पहिला टप्पा सुटला, म्हणजे रिकामी टाकी सोडून दिली. सगळे ओरडले. आत्याचा हात रिकाम्या कमरेवर होता.

"यानी पन चावी दिली," ती हळूच म्हणाली. मला हसू आलं आणि डोळेही भरले, खोटं कशाला सांगू.

शिरवण्याला परतलो तर टाकी भरलेली, गच्ची कोरडी. आत्या जराशी हिरमुसलीच. गायकवाडांनी चावी पुढे केली. "ठेव तुज्याकडंच," आत्या म्हणाली, "मना गोवा राहिलाय."

गायकवाड बायकोला स्टेशनवर सोडायला निघाले. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट. मी आत्याला कोपरानं ढोसलं, "आत्या, बघ, दोन आहेत! त्या दिवशी तुला फसवलं त्यांनी."

"मना काय सांगतस? त्याची बायको रोज माज्या दारातून तो दुसरा हेल्मेट घालून जाते," आत्या म्हणाली. "मना तवाच म्हाईत होता."