सिस्टरबाईंच्या भाषेतली हाक

सिस्टरबाईंचा दिवस रागानंच उजाडायचा. सकाळी सातला मिशनच्या दवाखान्याचं दार उघडलं की ओट्यावरच्या पहिल्या माणसाला त्या विचारायच्या, "कवापासून दुखून राह्यलं?" तो म्हणायचा, चार दिवस झाले. "मंग चार दिवस काय करून राह्यला होतास? मरायची वाट पाहून राह्यला होतास का?" मग त्याच्या बायकोची पाळी यायची, तिनं त्याला आधी का आणलं नाही म्हणून. मग आईची. पाच फूट दहा इंच उंची, गोरा वर्ण, पायात कॅनव्हासचे बूट आणि तोंडात अस्सल जाफराबादची बोली. नवा पेशंट दोन मिनिटं आपलं दुखणं विसरून नुसता त्यांच्या तोंडाकडं बघत राहायचा.

सिस्टरबाई कोलंबियाच्या. १९८१ साली आमच्या गावात आल्या. मी लग्न होऊन, झेडपीच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले त्याच्या तीन वर्षं आधी. त्या मराठी शिकल्या त्या पेशंटांकडून. त्यामुळं जुलाब, कळ, उमासे, मुरडा यांचे सगळे शब्द त्यांना पाठ, शिव्याही भरपूर, पण 'कृपया' हा शब्द माहीत नव्हता. 'तुम्ही' तर त्यांच्या जिभेवर कधी चढलंच नाही. एकदा कुठलेसे मोठे साहेब रक्तदाब तपासून घ्यायला आले आणि रांग सोडून सरळ आत शिरले. "बाहेर बस," सिस्टरबाई म्हणाल्या. "तुजं रगत लाल, रांगेतल्याचंबी लालच हाय. नंबर लागला की बोलावते." साहेब बिचारे अर्धा तास ओट्यावर बसले. गावाला ही गोष्ट वर्षभर पुरली.

माझी थोरली त्यांच्याच हातावर झाली. मी कळांनी गुरासारखी हंबरत होते, तर म्हणाल्या, "ओरडू नको, जोर लाव. ओरडायचं काम माझं हाय." नंतर टाके घालताना मात्र त्या हळू आवाजात काहीतरी पुटपुटत होत्या. उनो, दोस, त्रेस. मी विचारलं, हे काय? "काय न्हाई. मोजून राह्यले." टाके, सलाईनचे थेंब, नाडीचे ठोके, मोजायचं ते त्यांच्या भाषेत. बाकी सगळा कारभार आमच्या.

महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्या आईचं पत्र यायचं. ते घेऊन त्या आवारातल्या बोरीखाली जायच्या आणि उभ्यानं, मोठ्यानं वाचायच्या. दवाखान्यातल्या बाकीच्या सिस्टर केरळच्या. त्यांनाही त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. मी एकदा विचारलं, मनातल्या मनात का वाचत नाही? "कानालाबी खायला लागतं, मास्तरीण," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं झाली, माझ्या भाषेत मला कुणी हाक मारली न्हाई."

मी म्हटलं, "मला शिकवा. मी मारते हाक."

"तू आधी तुज्या वर्गातल्या पोरांना भागाकार शिकव. सगळे माझ्याकडं येतात, एकालाबी गोळी अर्धी करता येत न्हाई."

त्यांनी शिकवलं नाही ते नाहीच. पण ही हाक मी मनात धरून ठेवली. एक ना एक दिवस मी सिस्टरबाईंना त्यांच्या भाषेत हाक मारणार, असं मी ठरवून टाकलं.

पुढं एकदा एक पत्र आलं आणि दवाखाना दिवसभर बंद राहिला. इतक्या वर्षांत फक्त त्या एका दिवशी. दुसऱ्या दिवशी सिस्टरबाई नेहमीपेक्षा दुप्पट ओरडल्या. त्यानंतर त्यांनी पत्र मोठ्यानं वाचलं नाही, नुसतं खिशात सारायच्या. आणि थेंब मोजू लागल्या एक, दोन, तीन. आम्हाला किती आनंद झाला! सिस्टरबाई आता पुरत्या आपल्या झाल्या, असं आम्ही एकमेकांना सांगत फिरलो. एकाही शहाण्यानं विचारलं नाही की बाई, पत्रात काय होतं? मीही नाही. याचा मला आजही राग येतो.

पंचवीस वर्षं झाली तेव्हा वरून हुकूम आला: वय झालं, आता आपल्या देशात, म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरात जा. गावानं सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, भाषणं, पंगत. सरपंच मला म्हणाले, "बाई, तुमी दोन शब्द बोला." मी म्हटलं, दोनच बोलते, पण त्यांच्या भाषेत.

झालं, पुस्तक शोधायला लागले. जालन्यात तीन दुकानं पालथी घातली, औरंगाबादला जाऊन आले. तीस दिवसांत इंग्रजी शिका, उर्दू शिका, जर्मन शिका. स्पॅनिश कुठंच नाही. शेवटी माझा दीर म्हणाला, "वहिनी, ती भाषा ना? माझ्याकडं हाय." आणि त्यानं जालन्याहून सीडींची चळत आणून टाकली. कोलंबियातली मालिका, अफू-कोकेनचा धंदा करणाऱ्या टोळ्यांची. बोलणं स्पॅनिश, खाली इंग्रजी अक्षरं.

वीस दिवस मी पोरांना बाहेर हाकलून, दार लावून ती मालिका बघितली. वही, पेन आणि रिमोट. माणसं किड्यामुंग्यांसारखी मरत होती आणि मी उच्चार टिपून घेत होते. मोटारसायकलवरची ती पोरं एकमेकांना भेटली की मान तिरकी करून, शब्द ओढून म्हणायची, "क्यूबोऽ, पार्से!" खाली लिहून यायचं: काय मित्रा, कसा आहेस? मला तीच हाक आवडली. आमच्याकडं जीव लावलेल्या माणसाला कुणी गोड बोलतं का? "काय रे मेल्या, कुठं उलथला होतास?" असंच विचारतात. खुद्द सिस्टरबाई तरी दुसरं काय करत होत्या? त्या मालिकेतले शेठ आणि वकील मऊ बोलायचे आणि खोटं बोलायचे; ही पोरं रांगडं बोलायची. मला वाटलं, हीच खरी घरची बोली. मास्तरीण पडले ना मी, उच्चारात फरक नको म्हणून तो हेल, ती मान, सगळं आरशासमोर घोटून घेतलं.

सत्काराला शाळेचं मैदान भरलं होतं. सरपंच बोलले, केरळच्या सिस्टर बोलल्या. मग मी उभी राहिले. सिस्टरबाईंकडं वळले, मान तिरकी केली आणि अगदी त्या पोरासारखी म्हणाले, "क्यूबोऽ, पार्से!"

सिस्टरबाईंनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि मैदानाच्या फाटकाकडं पाहिलं, तिथून कुणी येतंय की काय तसं. लोक टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, गहिवरल्या. मी पुन्हा म्हणाले, आणखी मोठ्यानं. तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी वाट बघत होते की आता खेकसतील, उच्चार चुकला म्हणतील, निदान गाढव म्हणतील. त्या हळूच म्हणाल्या, "बसा, मॅडम."

बावीस वर्षांत मला पहिल्यांदा 'तुम्ही'.

पंगत उठल्यावर मी दवाखान्यात गेले. त्या पेटी भरत होत्या. माझ्याकडं न बघता त्यांनी सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ मास्तर होता, माझ्यासारखाच. डोंगरावरच्या गरीब वस्तीतल्या शाळेत. वर्गातली पोरं टोळ्यांत जाऊ नयेत म्हणून घरोघर फिरायचा. टोळीवाल्यांनी त्याच्याच दोन विद्यार्थ्यांना पाठवलं. पोरं मोटारसायकलवर आली, दारातून हाक मारली. भाऊ हसत बाहेर गेला, कारण हाक ओळखीची होती. आत स्वयंपाकघरात आई होती. दवाखाना बंद राहिला त्या दिवशीच्या पत्रात तिनं ती हाक होती तशी लिहिली होती.

"तू शब्द बराबर बोलली," सिस्टरबाई म्हणाल्या. "आवाजबी बराबर त्यांचाच काढला." आणि पेटीचं झाकण लावलं.

मी घरी आले आणि त्या सीडी चुलीत घातल्या. दीर म्हणाला, "वहिनी, त्या भाड्याच्या हायेत." मी त्याला असं काही बोलले की तो महिनाभर घरात मान वर करून जेवला नाही. त्याची काय चूक होती? पण मी तरी दोष कुणाला द्यायचा? तिकडच्या आया पोरांना जेवायला हाका मारत असतील, मास्तर पाढे म्हणून घेत असतील, म्हाताऱ्या भांडत असतील. एवढ्या मोठ्या मुलखाची भाषा, आणि आमच्या गावापर्यंत पोचली ती फक्त खुन्यांच्या तोंडची. ज्यांनी ती बाजारात आणली त्यांचं वाटोळं होवो, असं मी म्हटलं. आजही म्हणते.

सकाळी जाफराबादच्या स्टँडवर अख्खं गाव होतं. मी मागं उभी होते. तोंड दाखवायला जागा नव्हती. एसटी यायला वेळ होता. एकाएकी सिस्टरबाई गर्दी सारत माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"हाक मारायची होती ना तुला? मंग बराबर मार. माझी आई मारायची तशी. बेनी आ कोमेर, लुसीया."

म्हणजे, जेवायला ये, लुसीया. पंचवीस वर्षांत आम्ही त्यांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "असं न्हाई. भांडून राह्यली का? पुन्हा म्हण." पुन्हा म्हटलं. "आवाज वर ने. आई अंगणातून हाक मारून राह्यली. पुन्हा." लोक बघत होते, मी रडत होते आणि त्या माझ्यावर खेकसत होत्या. दहा वेळा तरी म्हणवून घेतलं. एसटी लागली. चढताना म्हणाल्या, "अजून कच्चं हाय. घोटत राहा."

तीन वर्षांनी एका संध्याकाळी माझ्या मोबाईलवर लांबलचक नंबर आला. आमच्या दवाखान्यातल्या केरळच्या एक सिस्टर बोलत होत्या. त्यांचीही तिकडंच बदली झाली होती. म्हणाल्या, "टीचर, सिस्टरबाई कुणाला ओळखत नाहीत. चार दिवस झाले, जेवत नाहीत. कुणी जवळ गेलं की ओरडतात, आणि इथल्या कुणालाच ते कळत नाही. मराठीत ओरडतात. माझंही आता ऐकत नाहीत."

त्यांनी फोन सिस्टरबाईंच्या कानाला लावला. पलीकडं तोच आवाज, बारीक झालेला: "रांगेत बस. जल्दी काय हाय? मरून न्हाई राह्यली."

मी अंगणात आले. आवाज वर नेला. "बेनी आ कोमेर, लुसीया."

फोन कट झाला वाटलं. मी पुन्हा म्हटलं, आणखी वर, चुलीपासून फाटकापर्यंत जाईल असं.

"कच्चं हाय," सिस्टरबाई म्हणाल्या. "पुन्हा म्हण."

मी म्हणत राहिले. ताटलीवर चमचा वाजल्याचा आवाज आला, तरी म्हणत राहिले.