पट्टीवरची रेघ

पट्टीमास्तरांचा कशावरच विश्वास नव्हता. दुकानदाराने साडेचार मीटर म्हणून दिलेली हात बांधायची पट्टी ते त्याच्यासमोर टेपने मोजत, आणि ग्लोव्हजमध्ये नाक खुपसून आतला घाम किती दिवसांचा आहे ते सांगत. तरुणपणी त्यांनी दोन वर्षं उघड्या मुठींनी ठोसे मारले होते. त्यापायी उजव्या हाताची दोन बोटं अजून नीट मिटत नसत.

"हाडाला काही कळत नाही," ते म्हणत. "कळतं ते डॉक्टरला, तेही मोडल्यावर."

गेली बावीस वर्षं बॉक्सिंग हॉलच्या कोपऱ्यातल्या बाकावर बसून ते खेळाडूंचे हात बांधत होते. अंगठ्यात फासा, मनगटाला तीन वेढे, मुठीच्या हाडांवर जाड थर, पुन्हा मनगट. मध्येमध्ये "मूठ कर", "सोड". शेवटी पट्टीच्या टोकाचा वेल्क्रो चिकटवला की त्याच्यावरून खालच्या कापडावर उतरेल अशी बॉलपेनची एक रेघ. पट्टी कोणी सोडून पुन्हा बांधली तर रेघ जुळत नाही. ही युक्ती त्यांच्या डोक्यातली, आणि तिचा त्यांना भारी अभिमान.

त्यांच्या लेकीचं मनगट सहा महिन्यांपूर्वी दुखावलं होतं. येत्या रविवारी तिची निवड लढत होती, आणि मनगट पुन्हा गेलं तर खेळ विसरा, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. मास्तर डोळ्यांत तेल घालून तिचे हात बांधत.

सोमवारी पट्ट्या धुवायला घेतल्या आणि त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. लेकीच्या वेल्क्रोवर एक रेघ हवी होती. होत्या दोन, आणि दोन्ही नागमोडी. म्हणजे कोणीतरी एकदा नव्हे, दोनदा हात लावला होता. आपली रेघ फूटपट्टीने मारल्यासारखी सरळ असते, याबद्दल मात्र त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

"तुझी पट्टी कोण सोडतं?"

"कोण सोडणार, बाबा?" लेक बुटाची नाडी बांधत म्हणाली. नाडी आधीच बांधलेली होती, पण तिकडे मास्तरांचं लक्ष नव्हतं. त्यांचा संशय नव्या कोचवर होता. तो फार गोड बोलायचा, आणि आयत्या चढवायच्या जेलच्या पट्ट्यांचं कौतुक करायचा. हा आपला बाक उठवणार, हे मास्तरांनी पहिल्याच दिवशी ताडलं होतं.

गुरुवारी त्यांनी डाव टाकला. लेकीचे हात बांधले, रेघा ओढल्या, "दुकानात जाऊन येतो" म्हणाले आणि सामानाच्या कपाटामागे जाऊन उभे राहिले. कोच दोरीवरच्या उड्या मोजत होता. त्याने मान वळवूनही पाहिलं नाही.

लेक आरशापाशी गेली. दातांनी वेल्क्रो ओढून तिने पट्टी सोडली आणि भराभर बांधली. फासा, तीन वेढे, मूठ, सोड, सगळं त्यांच्यासारखंच, फक्त प्रत्येक वेढा नीट ताणलेला. मग तिने पिशवीतून पेन काढलं, मुद्दाम हात थरथरवला आणि रेघ ओढली.

मास्तर तिथेच उभे राहिले. रागवावं असं त्यांना फार वाटलं, पण आली ती लाज. खिशातलं पेन काढून त्यांनी आपल्या तळहातावर एक रेघ ओढून पाहिली. हुबेहूब तिच्यासारखी नागमोडी आली. किती महिने ती हे करत होती, कोण जाणे.

रविवारी लेकीने नेहमीप्रमाणे हात पुढे केले. मास्तरांनी पट्टीची गुंडाळी तिच्या हातात ठेवली.

"आज तू बांध. मी बघतो."

तिने अंगठ्यात फासा अडकवला. दोन्ही हात बांधून झाल्यावर त्यांनी मनगट दाबलं, अंगठा ओढून पाहिला, मूठ करायला लावली, पुन्हा दाबलं. कुठे खोट काढायला जागा नव्हती. त्यांनी खिशातलं पेन तिला दिलं.

"रेघ सरळ काढ," ते म्हणाले. "हात हलवायचा नाही."