हिरामावशीची न लागलेली तिकिटं: मुलुंड ते मढ, एका दिवसात

माझ्या मामाला फिरायचा भयंकर कंटाळा. अंधेरी स्टेशनबाहेर लॉटरीचं टेबल टाकून त्याने तीस वर्षं एकाच स्टुलावर काढली, त्यामुळे बूड हलत नाही असं तोच सांगतो. तो मागच्या महिन्यात आपणहून म्हणाला, "शनिवारी मढला जाऊया गो," तेव्हा मी आधी त्याला बीपीची गोळी घेतलीस का ते विचारलं.

कारण मग कळलं. हिरामावशीचा फोन आला होता. ही मढच्या बाजूच्या एका कोळीवाड्यातली. अंधेरीला मासे विकायची आणि घरी जाताना दर आठवड्याला मामाकडून सरकारी लॉटरीचं एक तिकीट घ्यायची. आता टेबलही बंद झालंय आणि तिची टोपलीही सुनेकडे गेली आहे. तिच्या गावातल्या शाळेत मुलींच्या संडासाला पाणी नाही. मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी जातात आणि परत येत नाहीत. नात पूर्वा सातवीत, म्हणजे त्या शाळेच्या शेवटच्या वर्गात, तीही त्यातलीच. शनिवारी सरकारी इंजिनिअर साहेब शाळा बघायला येणार होते आणि मावशीला मामा साक्षीदार म्हणून हवा होता.

"कसला साक्षीदार?" मी विचारलं.

"पैसे दिलेत त्याचा, म्हणते. कसले पैसे, माका खंय ठावक?"

आम्ही सातला मुलुंडहून निघालो. घाटकोपरपर्यंत एलबीएस रोडने बस घेतली. या रस्त्याला नावं ठेवायची आपली जुनी सवय आहे, पण सकाळी लवकर निघालात तर पाऊण तासात पोचता. कांजूरमार्गला कचऱ्याच्या डेपोकडून वारा येत असेल तर खिडकी लावून घ्या. घाटकोपरहून मेट्रो पकडायची. वर्सोव्यापर्यंत माणशी चाळीस रुपये आणि वीस-बावीस मिनिटं. पूर्वी याच प्रवासाला दोन बस आणि अख्खी सकाळ लागायची. सरकारी पैशातून काहीच होत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा या गाडीत बसावं. एसी झकास होता.

मामा तर घरच्या गाडीत बसल्यासारखा बसला होता. "ह्यात माझा पण हात आहे," तो शेजारच्या माणसाला म्हणाला. "तीस वर्षं सरकारला पैसा गोळा करून दिला."

"टॅक्समध्ये होता काय काका?"

"लॉटरी विकायचो."

शेजारचा हसला आणि मोबाइलमध्ये शिरला. मामाला ते लागलं. मग अंधेरी येईपर्यंत मला त्याची ठरलेली ओळ ऐकावी लागली. गिऱ्हाईक घुटमळलं की तो म्हणायचा, "लागली तर तुमची, नाही लागली तर शाळेची." ही ओळ मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आमच्या घरात ती जवळजवळ आरतीसारखी होती.

अंधेरीला मुद्दाम उतरलो. मामाच्या जागेवर आता मोबाइलची कव्हरं विकणारा बसतो. त्याला मामा कोण ते माहीत असायचं कारण नव्हतं. समोर उभ्याने इडली-वडा खाल्ला, दोघांचे मिळून शंभरच्या आत झाले. चटणी पातळ होती, पण तिखट चांगलं होतं. पुन्हा मेट्रोने वर्सोवा आणि तिथून रिक्षाने जेट्टी.

वर्सोव्याहून मढला जाणारी फेरी ज्यांनी कधी घेतली नाही त्यांच्यासाठी: खाडी ओलांडायला पाच मिनिटंही लागत नाहीत, तिकीट किरकोळ आहे, सुटे पैसे ठेवा. स्कूटरसुद्धा बोटीत चढतात. रस्त्याने मालाडवरून गेलात तर दीड तास कुठे गेला नाही. बोटीत दोन कोळणी सुक्या बोंबलाच्या भावावरून एकमेकींची अक्कल काढत होत्या, त्यामुळे पाच मिनिटं कमीच पडली.

मढला उतरून रिक्षा केली. दोन्ही बाजूंना शूटिंगला भाड्याने देतात ते बंगले. "ह्या बंगल्यांसारख्या घरातला माणूस माझ्या टेबलाकडे कधी आला नाही," मामा म्हणाला. "वॉचमन यायचा. ड्रायव्हर यायचा. साहेब नाही." हे तो गमतीने म्हणाला, पण माझ्या डोक्यात ते राहिलं.

कोळीवाड्याच्या तोंडाशी नवी कोरी कमान होती, वर रंगीत दिवे, दिवसाही चालू. कमानीपासून शंभर पावलांवर शाळा. हिरामावशी फाटकातच उभी होती. सत्तरीची, ताठ, कपाळावर मोठं कुंकू. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

"आयलास काय रं! मना वाटला, नाय येस." तिने मामाला दंडाला धरूनच आत नेलं.

आत मुख्याध्यापक, दहा-बारा आया आणि इंजिनिअर साहेब होते. माणूस चांगला होता हे आधीच सांगते. संडास बघितले, नळ फिरवून बघितला, वहीत लिहून घेतलं. मग म्हणाला की काम होण्यासारखं आहे, मुख्याध्यापकांनी अर्ज द्यावा, पुढच्या वर्षीच्या तरतुदीत बसवता येईल.

"पुढल्या साली माझी नात हितं नसंल," हिरामावशी म्हणाली. "आन् कमानीला पैसं कुठनं आयलं?"

"मावशी, बजेटमध्ये सुशोभीकरणाचं हेड वेगळं असतं. पाण्याचं वेगळं. इकडचं तिकडे करता येत नाही."

तेव्हा तिने डबा उघडला. जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेले लॉटरीच्या तिकिटांचे गठ्ठे. सुक्या मासळीचा वास अख्ख्या वर्गात पसरला.

"हे काय?"

"पावत्या."

साहेबांनी एक गठ्ठा उलटून पाहिला. "मावशी, ही तर लॉटरीची तिकिटं. आणि लागलेली नाहीत."

"नाय लागली, मना म्हाईत हाय. म्हनून त शाळेची. ह्याला इचारा. ह्योच बोलायचा."

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. आयुष्यभर गर्दीसमोर घसा फोडून बोललेला माणूस, पण आता एक गठ्ठा हातात घेऊन तिकिटं उलटत बसला. शेवटी तो उभा राहिला.

"साहेब, ते माझं बोलणं. सरकारने मला तसं कधी सांगितलं नाही. गिऱ्हाईक थांबावं म्हणून बोलायचो."

"तसं अगदीच खोटं नाही, काका," साहेब समजुतीने म्हणाले. "पैसा तिजोरीत जातो. शाळाही तिजोरीतूनच चालतात. फक्त कुठला रुपया कुठे गेला, ते सांगता येत नाही."

"माझा सांगता येतो," हिरामावशी म्हणाली. "माझा हितं आयला नाय."

साहेबांनी वही मिटली, अर्जाचं पुन्हा एकदा सांगितलं, चहा घेतला आणि गेले.

जेवायला तिच्याकडेच थांबलो. तांदळाची भाकरी, सुका जवळा कांद्यात परतलेला, वर कालवण. असं जेवण हॉटेलात मिळत नाही, तेव्हा पत्ता विचारू नका. मामा मान खाली घालून जेवत होता. मीच धीर करून विचारलं, "मावशी, तुला खरंच वाटायचं का, ते पैसे शाळेला जातात?"

ती हसली. "येडी हाय काय मी? जिंकायसाठीच घ्यायची तिकीट. पन हारल्यावर शाळेला गेले बोललं का झोप लागायची." मग मामाकडे बघत म्हणाली, "त्वा बोल्ला नसतास त दोन म्हयन्यात सोडला असता."

मामाने ताटातच हात धुतला. भाकरी अर्धी राहिली होती.

परतताना मढहून बसने मालाड आणि तिथून पवईवरून जाणारी मुलुंडची बस. तासाभराचा अंदाज कुणी दिला तर दोन धरा. मामा खिडकीशी बसला होता. पवईच्या आसपास कधीतरी म्हणाला, "मी तिका फसवलंय गो." नाही म्हणावंसं वाटलं. पण जे डोळ्यांनी बघून आले होते, त्यानंतर नाही म्हणता येईना. मी त्याचा हात धरून बसले.

घरी येऊन चार दिवस विचार करत होते. मेट्रोत बसून मी सरकारला शाबासकी दिली, ती परत घेणार नाही. पण मेट्रो ज्यांच्या दारात आली आणि लॉटरीची तिकिटं ज्यांनी घेतली, ती माणसं वेगळी आहेत. गरिबाच्या हातून आठवड्याला थोडं थोडं काढायचं आणि वर हे तुमच्याच भल्यासाठी म्हणायचं, म्हणजे आवळा देऊन कोहळा काढणंच. कमान बघून मला राग आला होता. तो अजून गेलेला नाही.

परवा हिरामावशीचा फोन आला. अर्ज गेलाय, उत्तर यायचंय. तोवर वाड्यातल्या बायकांनी वर्गणी काढून शाळेशेजारच्या विहिरीवर मोटर बसवली, छपरावर टाकी चढवली. मामाने पाइपाचे पैसे पाठवले होते, मला न सांगता. पूर्वा आता शाळा सुटेपर्यंत थांबते. टाकीवर कोणाच्या तरी नावाचा बोर्ड लावायला एक कार्यकर्ता येऊन गेला. मावशी त्याला म्हणाली, लाव, पण पैसे आमचे असं लिही. तो माप घेऊन गेला तो गेलाच.

मी हे सगळं मामाला वाचून दाखवलं.

"म्हणजे लॉटरी नसती तरी टाकी बसली असती," तो म्हणाला.

"लवकर बसली असती," मी म्हणाले.