तिरका बर्फ

आमच्या सासूबाईंना कारखान्यात सगळे 'उणे अठरा' म्हणतात. गोठवलेलं मांस तेवढ्या तापमानाला ठेवावं लागतं, आणि सासूबाईंची नजरही साधारण तेवढीच गार. सव्वीस वर्षं त्या कोल्ड स्टोअर सांभाळताहेत. मी तिथंच पॅकिंगला आहे. घरी सासू आणि कामावरही सासू, असा दुहेरी योग सगळ्यांच्या नशिबी येत नाही.

आमच्या गावात मेंढीचं मांस गोठवून परदेशी पाठवणारे सात कारखाने होते. आता त्यातल्या पाचांच्या फाटकावर परदेशी कंपनीची पाटी आहे. खोटं कशाला बोलू, कंपनीवाल्यांकडे हातमोजे चांगले मिळतात. माझी नणंद तिथं कामाला आहे, तिचे मऊ हात बघून माझा जळफळाट होतो. पण मेंढपाळाला काय दर द्यायचा, तुकडा किती बोटं जाड कापायचा, खोक्यावर कुणाचं नाव छापायचं, हे सगळं तेच ठरवतात. आमच्यासारख्या गावच्या कारखान्याचा मालही शेवटी त्यांनाच विकावा लागतो, कारण जहाजातली जागा त्यांची आणि तिकडची दुकानंही त्यांचीच.

त्यांची एक ठरलेली तऱ्हा होती. माल पोचला की महिन्याभरात पत्र यायचं: माल वाटेत वितळून पुन्हा गोठलेला दिसतो, सबब एक तृतीयांश दर कापत आहोत. आता सात समुद्रापलीकडं जाऊन खोकं कोण उघडून बघणार? आमचे मालक मूग गिळून बसायचे. पत्राच्या शेवटी दर वेळी एक गोड ओळ असायची, कारखाना विकण्याचा विचार असल्यास कळवावे.

चौथं पत्र आलं त्या दिवशी सासूबाई घरी आल्या आणि खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुवायला बसल्या. प्लास्टिकच्या, बोटभर उंचीच्या. मला वाटलं, झालं, थंडीनं डोकंही गोठलं. त्यांनी बाटलीत निम्म्यापर्यंत निळं पाणी भरलं, बूच घट्ट लावलं, आणि दुसऱ्या दिवशी फ्रीझरमध्ये लाकडाच्या पट्टीला टेकवून ती तिरकी ठेवली. बर्फही तिरका झाला. मग ती बाटली मांसाच्या खोक्यात कोपऱ्याला उभी चिकटवली.

"वाटेत वितळलं तर पाणी सपाट होईल, पुन्हा गोठलं तर बर्फही सपाटच होईल," त्या मालकांना म्हणाल्या. "नाही वितळलं तर तिरका तो तिरकाच. कळवा त्यांना, खोकं उघडा आणि फोटो पाठवा."

हातच्या कांकणाला आरसा कशाला? पुढच्या तीन खेपांना तिकडून फोटो आले, तिन्हींत बर्फ तिरका, आणि दर पूर्ण. मालक चालता चालता शीळ घालायला लागले. बाटल्या लावायचं काम सासूबाईंनी माझ्याकडं दिलं. दर खेपेला तीन बाटल्या, तीन निराळ्या खोक्यांत. रोज एकदा येऊन त्या बघून जायच्या.

चौथ्या खेपेच्या वेळी त्या तापानं दोन दिवस घरी होत्या. लाकडाची पट्टी कुणीतरी दाराला अडकण म्हणून लावली होती. दोन बाटल्या मी फ्रीझरमधल्या कपाटाच्या कडेला टेकवल्या. तिसरीला जागा होईना, माझे हात बधिर झाले होते, जेवणाची सुट्टीही झाली होती. मी ती सरळ उभी ठेवली. म्हटलं, तीनपैकी एक, उघडतंय कोण. आणि ती तशीच खोक्यात लावली.

कंपनीवाल्यांनी नेमकं तेच खोकं उघडलं.

फोटो आला. निळा बर्फ, वरून टेबलासारखा सपाट. सोबत पत्र: तुमच्याच बाटलीनुसार माल वितळला आहे. मालकांनी आम्हा सगळ्यांना पॅकिंगच्या खोलीत बोलावलं. "आता माझ्यात जोर नाही," ते म्हणाले. "सोमवारी विक्रीच्या कागदावर सही करतो." कंपनीचं स्वतःचं मोठं कोल्ड स्टोअर होतं, आमचं ते बंद करणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे आम्ही चाळीस बायका घरी.

माझी पाचावर धारण बसली. सासूबाई फोटो हातात धरून नुसत्या बघत होत्या. मी सगळ्यांच्या देखत सांगू शकले नाही. त्यांच्या मागोमाग कोल्ड स्टोअरच्या दारापर्यंत गेले आणि एका दमात सांगून टाकलं.

मला वाटलं आता माझी धडगत नाही. त्यांनी फक्त विचारलं, "बाकीच्या दोन?"

"तिरक्या होत्या. शपथ."

"शपथ नको. आठवून सांग."

मी डोळे मिटून आठवलं. कपाटाची कड, दोन बाटल्या, दोन्हींची बुचं माझ्याकडं. तिरक्याच होत्या.

सासूबाई मला घेऊन मालकांकडं गेल्या, झालं ते खरं लिहू म्हणाल्या. मालक मात्र ऐकेनात. "त्यांनीच उन्हात ठेवून वितळवली असं लिहू," ते म्हणाले. "चूक कबूल केली तर पुढं आपल्या बाटलीवर विश्वास कोण ठेवील?"

"मालक, खोटं लिहिलं तर बाकीच्या दोन बाटल्या उघडा असं कुठल्या तोंडानं सांगायचं?" सासूबाई म्हणाल्या आणि कंपनीला पत्रं लिहिणाऱ्या कारकुनाशेजारची खुर्ची ओढून बसल्या. मला त्यांनी बाहेर घालवलं. पत्र काय गेलं ते मला कळलं नाही. सही पुढं ढकलली एवढंच कळलं.

अकरा दिवस मला अन्न गोड लागलं नाही. माल खरंच वितळला असला तर? समुद्रात काय झालं ते देवालाच माहीत. सासूबाई घरी नेहमीसारख्या पोळीचा आकार आणि माझी उशिरा उठायची सवय यांवर बोलत राहिल्या. बाटलीचं नाव नाही.

बाराव्या दिवशी कारकून उत्तर घेऊन पॅकिंगच्या खोलीत आला आणि उभ्या उभ्या आपल्या भाषेत सांगायला लागला. दोन्ही खोकी तपासनिसासमोर उघडली. दोन्हींत बर्फ तिरका. दर पूर्ण देत आहोत. बायकांनी टाळ्या वाजवल्या. कारकून म्हणाला, "थांबा, अजून एक ओळ आहे. 'कोल्ड स्टोअरच्या प्रमुखांनी आपण घाईत बाटली उभी ठेवल्याचे स्वतः कबूल केले आहे. सव्वीस वर्षे अनुभव असलेल्या व्यक्तीकडून असा निष्काळजीपणा अपेक्षित नव्हता.'"

सगळ्यांनी सासूबाईंकडं पाहिलं. त्या खोक्याला चिकटपट्टी लावत होत्या.

सुट्टी होताच मी त्यांना गाठलं. "आई, ती चूक माझी होती. तुम्ही तापानं घरी होतात."

"मग? पॅकिंगमधल्या सुनेनं बाटली उभी ठेवली असं लिहिलं असतं, तर त्यांना ती सबब वाटली असती. सव्वीस वर्षांचं माणूस स्वतःला मूर्ख म्हणवून घेतंय म्हटल्यावर निदान उघडून तरी बघतात. तुझ्या लाडासाठी केलेलं नाही."

"पण सगळ्यांपुढं तुमचं नाव खराब झालं."

"चाळीस जणी उद्या कामावर येणार आहेत ना? मग झालं." त्यांनी खिशातून तीन बाटल्या काढून माझ्या हातात दिल्या. "सोमवारी पुढची खेप आहे. तू लाव. मी बघायला येणार नाही."

सव्वीस वर्षांत त्यांनी कुणाचंही काम स्वतः बघितल्याशिवाय पुढं जाऊ दिलेलं नाही. मला रडू आलं, आणि इतका आनंद झाला की घरी जायचं सोडून मी आधी ती लाकडाची पट्टी शोधायला गेले.