विलायती पिक्चर, फक्त प्रौढांसाठी

"ओ मावशी, हा पिक्चर तुमचा नाही! मागं फिरा!" डोअरकीपर असा ओरडला, की रामकुंडावरची कबुतरं उडाली ती थेट सटाण्यात जाऊन बसली असणार.

"का नाय? बोर्डावर काय लिवलंय? फक्त... प्रौ...ढां...साठी. मंग आम्ही कोण हाय?"

तो आवाज माझ्या आईचा. तिच्यामागे मेथीच्या जुड्या तशाच टाकून आलेल्या पंचवटी बाजारातल्या भाजीवाल्या. सगळ्या संध्याकाळी पालिकेच्या शाळेत प्रौढ साक्षरता वर्गाला जायच्या. 'प्रौढ' म्हणजे पाटी घेऊन बसणाऱ्या बाया, एवढंच त्यांना ठाऊक. सरकारनं आपल्यासाठी खास सिनेमा काढला, वर त्यात आपली लेक! आई फुशारून गेली होती.

लेक म्हणजे मी. स्वतःलाच पडद्यावर बघायला आलेली, तोंडाला ओढणी गुंडाळून पानाच्या टपरीआड उभी.

माझी कारकीर्द म्हणजे मुख्यत्वे आंघोळ. अख्ख्या सिंहस्थात साधूंनी मारल्या नसतील एवढ्या बुड्या मी कॅमेऱ्यापुढे मारल्या. साबणाच्या कॅलेंडरवर जानेवारीच्या पानावर मी होते. निफाडच्या सलूनवाल्यांनी ते पान उलटलंच नाही, तालुक्यात त्या वर्षी फेब्रुवारी आला नाही. मग एका गोऱ्या निर्मात्यानं मुंबईत येऊन स्वस्तातला चावट पिक्चर काढला. त्यात मी देवळातली नर्तकी. काम, तळ्यात उतरणे. आईला सांगितलं होतं, "पिक्चरमध्ये देवळातलं काम आहे." खोटं कुठे होतं? पुठ्ठ्याचं का असेना, देऊळ होतंच.

पण आता ती ते तळं बघणार होती. आणि येत्या सोमवारचं मुंबईतलं काम पहिल्यांदाच तोंड उघडायचं, संवाद बोलायचं होतं. आई नको म्हणाली असती, तर मी गेले नसते.

"वय इचारतो का रे? नातवंडं आणून दाखवू?" आईनं डोअरकीपरला बाजूला सारलं. वर्ग आत घुसला. मागोमाग मीही.

आत मॉर्निंग शोचे पुरुष. बायका दिसताच अर्धे खुर्च्यांखाली गेले. एक भाजीचा दलाल टोपीनं तोंड झाकायला गेला, तर आईच म्हणाली, "शेठ, तुमीबी वर्गाला येता व्हय?" त्या दिवशी थिएटरात एक शिट्टी वाजली नाही. कीर्तनाला इतकी शिस्त मी पाहिलेली नाही.

मी पायऱ्या उतरताना दिसले, तशी कुणीतरी ओरडली, "आगं, ही तर आपली!" टाळ्या पडल्या. मग तळं आलं. सेन्सॉरच्या कात्रीतून वाचली होती माझी पाठ, एक पैंजण आणि भरपूर पाणी. टाळ्या जागीच गोठल्या.

बाहेर आल्यावर बायकांनी मला टपरीपाशी गाठलंच.

"पाणी गार व्हतं का गं?"

"आन लुगडं कोण घेऊन पळालं तुझं?"

सगळ्या हसल्या. आई नाही. ती पदर खोचत होती; दोनदा खोचला, दोनदा सोडला.

"आई," मी म्हटलं, "सोमवारी बोलायचं काम आहे. मुंबईला जाऊ ना?"

"जा," ती म्हणाली. "आंघोळ घरून करून जा."